जुन्या जीपच्या मागच्या अ‍ॅक्सलची ऑइल गळती: सील बदलायच्या आधी आणि बदलताना

दोन वर्षांत तीनदा सील बदलले मी, एकाच बाजूचे, उजव्या मागच्या चाकाचे. प्रत्येक वेळी पंधरा-वीस दिवस सगळं कोरडं, मग एक दिवस टायरच्या आतल्या अंगाला परत तो काळा ओला पट्टा आणि ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढणार. तिसऱ्या वेळी एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी गाडीखाली डोकं घातलं, अ‍ॅक्सलच्या बाहेरच्या आवरणाच्या, म्हणजे हाउसिंगच्या, वरच्या बाजूला बोट फिरवलं आणि म्हणाले, "सील किती पण टाक रे, पण आतली हवा जाणार कुठून?" आतली हवा बाहेर सोडणारी टोपी, म्हणजे ब्रीदर, चिखलानं गच्च बसला होता. खर्च शून्य, काम पाच मिनिटांचं, आणि मी तोवर दोन वेळा ब्रेकचे लायनर पण फेकून दिले होते.

तर हे सगळं सविस्तर लिहितोय ते जुन्या फ्लॅट फेंडर जीपबद्दल, म्हणजे सीजे-३बी. अमेरिकेच्या विलीस कंपनीनं ही १९५३ला आणली, आणि आपल्याकडं महिंद्रांनी १९४९ला मुंबईत माझगावला जीप जोडायला सुरवात केली होती त्यामुळं महाराष्ट्रात वाड्या-वस्त्यांवर अजून अशा गाड्या निघतात, कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या पेट्रोल पंपामागं. मागचा अ‍ॅक्सल स्पायसर ४४, सेमी फ्लोटिंग, म्हणजे चाकावरचं वजन शाफ्टवरच येतं, शाफ्टचं बाहेरचं टोक निमुळतं आणि त्यावर चावी, म्हणजे खाचेत बसणारी छोटी पट्टी, घालून हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला भाग, बसवलेला. तुमच्या गाडीत नंतर कुणी दुसरा अ‍ॅक्सल घातला असेल, शाफ्टलाच चाक बसवायची चकती, म्हणजे फ्लँज, असेल, तर हब काढायचा भाग वेगळा होईल, बाकी शोधाशोध तीच.

आधी गळतंय काय आणि कुठून

चाक काढायच्या आधी हे बघा. ड्रममधून जे ओलं येतं ते तीनपैकी एक असतं. गिअर ऑइलला तो गंधकाचा उग्र वास असतो, एकदा नाकात बसला की विसरत नाही. ब्रेक ऑइल पातळ असतं, रंग सोलवटतं, आणि पाण्यात मिसळतं. वाटीत पाणी घ्या, त्यात बोटावरचा थेंब टाका, तरंगला तर गिअर ऑइल, विरघळला तर तुमचा व्हील सिलिंडर, म्हणजे चाकातला ब्रेक ढकलणारा सिलिंडर, गेलाय आणि अ‍ॅक्सलला हात लावायची गरजच नाही. तिसरं म्हणजे ग्रीस. काही जुन्या अ‍ॅक्सलना बाहेरच्या बेअरिंगजवळ हाउसिंगवर ग्रीस निपल असतं आणि जादा ग्रीस निघून जायला तिथंच एक बारीक भोक असतं. ते भोक चिखलानं बुजलं आणि सर्व्हिसिंगवाल्या पोरानं हौसेनं दहा पंप मारले की सगळं ग्रीस सील ढकलून लायनरवर. ही पण "गळती"च म्हणून येते गॅरेजला.

मधल्या भागातून गळत असेल तर गोळ्याच्या, म्हणजे डिफरन्शियलच्या फुगीर भागाच्या, मागच्या कव्हरचं पॅकिंग नाहीतर पुढचं, प्रॉपेलर शाफ्ट जोडतो तिथलं, पिनियन सील. इथं एक फसवाफसवी आहे. सीजे-३बीचा हँडब्रेक चाकांवर नाही, ट्रान्सफर केसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डब्याच्या, मागं छोट्या ड्रमवर आहे, आणि ट्रान्सफर केसचं मागचं सील गेलं की ऑइल त्या ड्रममधून बाहेर पडून प्रॉपेलर शाफ्टवरून उडत उडत मागं जातं. पिनियन ओला दिसतो, आपण पिनियनचं सील बदलतो, आणि गळती जिथं होती तिथंच. म्हणून सगळं खालून रॉकेल आणि ब्रशनं धुवा, कोरडं पुसा, वर साधी टाल्कम पावडर उडवा, दहा-पंधरा किलोमीटर फिरून या आणि परत खाली जा. पावडर जिथं पहिल्यांदा ओली झाली तिथनं सुरवात.

फुकटातले दोन इलाज

पहिला ब्रीदर. हाउसिंगच्या वरच्या बाजूला छोटी टोपी असते, बहुतेक वेळा ती मातीच्या गोळ्याखाली गाडलेली असते आणि कुणाला माहीतच नसते. गाडी चालली की आतलं ऑइल आणि हवा गरम होते, हवा फुगते, ब्रीदर बंद असेल तर ती सीलच्या ओठातून वाट काढते आणि जाताना ऑइल घेऊन जाते. उलटंही होतं, तापलेला अ‍ॅक्सल ओढ्याच्या गार पाण्यात घातला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत खेचलं जातं, मग ऑइल दुधाळ चहासारखं दिसायला लागतं. ब्रीदर काढा, रॉकेलमध्ये भिजवा, फुंकून बघा, हवा मोकळी गेली पाहिजे. वारंवार पाण्यातून जाणारी गाडी असेल तर तिथं निपल बसवून रबरी नळी चेसिसवर उंच नेऊन ठेवा, मी तेच केलंय आणि आता मला असं वाटतं की हे प्रत्येक जीपला पहिल्या दिवशी करायला हवं.

दुसरं लेव्हल. गाडी सपाट जागी उभी करून फिलर प्लग काढा, ऑइल भोकाच्या खालच्या कडेला आलं पाहिजे, त्याच्यावर नाही. मागच्या अ‍ॅक्सलला साधारण १.२ लिटरच लागतं. आपल्याकडं "जास्त असलेलं बरं" म्हणून अंगणात उतारावर उभ्या गाडीत दोन लिटर ओतणारे बहाद्दर आहेत. जादा ऑइल हाउसिंगच्या नळीतून थेट बेअरिंगकडं जातं, त्यात गाडी रोज एका कुशीवर तिरकी उभी राहत असेल तर खालच्या बाजूचं सील रात्रभर ऑइलमध्ये बुडून असतं. गळती कायम एकाच बाजूला असेल तर गाडी कुठं उभी करता तेही एकदा बघा.

हे दोन्ही करून आठ दिवस वाट बघा. माझ्या ओळखीच्यात निम्म्या गाड्या इथंच थांबतात.

गाडी उचलताना

हे नीट वाचा, कारण इथं माणूस मरू शकतो. वर म्हटलं तसा हँडब्रेक चाकांवर नाही, ट्रान्सफर केसच्या मागं आहे. मागचं एक चाक हवेत गेलं की दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या डिफरन्शियलमुळं ते उलटं फिरायला मोकळं होतं आणि हँडब्रेक ओढलेला असला, गिअर टाकलेला असला तरी गाडी चालायला लागते. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून उटी, म्हणजे चाक सरकू न देणारी पाचर, लावा, जागा सपाट घ्या, आणि जॅकवर कधीच विसंबू नका, अ‍ॅक्सलखाली दोन्ही बाजूंना लोखंडी स्टँड लावा. विटा नकोत, वीट दबावाखाली न सांगता फुटते.

चाकाचे नट सोडताना डाव्या बाजूला जरा थांबा. या जुन्या जीपना डाव्या चाकांना उलटे आटे असायचे, स्टडच्या टोकावर खूण असते पण ती गंजात दिसत नाही. किती स्टड मोडलेत लोकांनी दोन फुटी पाइप लावून, नट आवळत आवळत. आधी ब्रश मारून स्टड बघा.

हब काढणं, म्हणजे खरी मारामारी

मधला मोठा नट चाक जमिनीवर असतानाच ढिला करा, कॉटर पिन काढून. मग गाडी वर घ्या, चाक काढा, ब्रेकचं अ‍ॅडजस्टमेंट पूर्ण ढिलं करा. हब त्या निमुळत्या टोकावर इतका घट्ट बसलेला असतो की हातानं यायचा प्रश्नच नाही. चाकाच्या स्टडवर बसणारा जाड पुलर लागतो, दोन पायांचा बाजारू पुलर ड्रम वाकवतो फक्त. विकत घेऊ नका, जुन्या गॅरेजमध्ये भाड्यानं मिळतो. पुलर ताणा, त्याच्या बोल्टच्या डोक्यावर एक दणका, परत ताणा. काहीवेळा ताणून रात्रभर ठेवलं की सकाळी आपोआप सुटलेला असतो. मोठा नट मात्र दोन-तीन आट्यांवर तसाच ठेवा, कारण हब सुटतो तेव्हा बंदुकीसारखा आवाज करत उडतो.

शाफ्टच्या टोकावर घणानं मारायचं नाही. आटे तर जातातच, पण आत दोन्ही शाफ्टची टोकं मधल्या ठोकळ्यावर टेकलेली असतात, इकडचा मार तिकडच्या बेअरिंगला पोचतो. गॅसनं तापवणं पण नको.

पुलर मिळतच नसेल तर एक जुनी युक्ती आहे, नट एक-दोन आटे ढिला करून कॉटर पिन परत घालायची आणि मोकळ्या मैदानात गाडी अगदी हळू इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवायची, टक्क आवाज आला की हब सुटला. रस्त्यावर हे करायचं नाही, आणि कॉटर पिन विसरायची नाही.

ड्रम निघाला की आतली धूळ हवेनं उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतो, ओल्या फडक्यानं पुसून फडकं टाकून द्या. ऑइल प्यायलेले लायनर पेट्रोलमध्ये बुडवून, जाळून परत वापरणारे बरेच आहेत, तापल्यावर आतलं ऑइल परत वर येतं. बदला, आणि दोन्ही चाकांचे एकदम बदला.

शाफ्ट, शिमा आणि दोन सील

आता हातात काय आहे ते समजून घ्या. प्रत्येक बाजूला दोन सील आहेत. आतलं हाउसिंगच्या नळीत, बेअरिंगच्याही आत, ते शाफ्टवर घासतं आणि गोळ्यातलं ऑइल अडवतं. बाहेरचं ब्रेक प्लेटबरोबरच्या रिटेनरमध्ये, ते हबच्या नळीवर घासतं आणि ग्रीस अडवतं. आतलं गेलं की ऑइल बेअरिंगमधलं ग्रीस धुवून घेऊन बाहेर येतं. बरेच जण बाहेरचं एकच बदलून मोकळे होतात, कारण ते समोर दिसतं.

काही सोडायच्या आधी शाफ्ट धरून आतबाहेर हलवा आणि डायल गेज लावून प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, किती आहे ते कागदावर लिहून ठेवा. वरखाली हलत असेल तर बेअरिंग गेलंय, आणि डुगडुगणाऱ्या शाफ्टवर कुठलंही सील टिकत नाही.

ब्रेकची पाइप व्हील सिलिंडरपासून सोडून टोक बंद करा, ब्रेक प्लेटचे चार बोल्ट काढा. प्लेट ओढताना मागं पातळ पत्र्याच्या शिमा दिसतील. या शिमांवर बेअरिंगचा प्ले ठरतो. त्या त्या बाजूच्या शिमा तारेत ओवून, डावी-उजवी चिठ्ठी बांधून ठेवा. एक जरी हरवली तर सगळं परत मोजत बसावं लागेल. नुसतं सील बदलताय, बेअरिंग तेच आहे, तर त्याच शिमा त्याच जागी परत. बेअरिंग नवीन टाकलं तर मात्र प्ले नव्यानं मोजून मॅन्युअलप्रमाणं शिमा लावायच्या, आणि दोन्ही बाजूंना जाडी साधारण सारखी ठेवायची म्हणजे तो मधला ठोकळा मधेच राहतो.

शाफ्ट बाहेर काढायला सरकत्या वजनाचा पुलर चांगला. नसेल तर हब सैल घालून नट थोडा चढवा आणि हबलाच बाहेरच्या दिशेनं झटके द्या, बेअरिंग वाटीसकट येतं. शाफ्ट एक आखूड, एक लांब असतो कारण गोळा मधोमध नाही, उजवीकडं सरकलेला आहे, त्यामुळं अदलाबदल व्हायची भीती नाही.

आता ज्याच्यामुळं माझं नवीन सील पण गळायचं ती दुसरी गोष्ट. शाफ्टवर सील जिथं घासतं तिथं नखं फिरवा. नख अडकलं म्हणजे तिथं खाच पडलीय, साठ वर्षांत एकाच जागी घासून दुसरं काय होणार. अशा खाचेवर नवीन सील म्हणजे खिडकी उघडी ठेवून दाराला कुलूप. हलकी रेघ असेल तर बारीक पॉलिश पेपर गोल गोल फिरवा, लांबीत घासायचं नाही, लांबीतल्या रेघांतून ऑइल चालत येतं. खाच खोल असेल तर लेथवाल्याकडून पातळ स्लीव्ह चढवून घ्या, नाहीतर सील जरा आतबाहेर बसेल असं बघा म्हणजे त्याचा ओठ कोऱ्या जागेवर येईल. हबच्या नळीचंही तेच.

सील घेताना जुनं बरोबर न्या, पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत ऑपेरा हाउसच्या बाजूला पार्टवाल्यांना मापं सांगितली की काढून देतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. जुन्या डब्यातला "ओरिजनल" माल बघून भुलू नका, वीस-तीस वर्षं पडून असलेल्या सीलचं रबर कडक झालेलं असतं, नखानं दाबून बघा. मूळचं चामड्याचं सील असेल तर ते आधी ऑइलमध्ये भिजवावं लागतं, आजचं नायट्राइल रबराचं त्यापेक्षा सरळ बरं.

जुनं सील हुकनं काढा, नळी ओरखडू देऊ नका. नवीन सीलचा स्प्रिंग असलेला ओठ ऑइलच्या बाजूला, म्हणजे गोळ्याकडं. सीलच्या व्यासाची पाइप घेऊन सगळीकडून सारखं ठोकत सरळ बसवा, तिरकं बसलं तर काढून फेका, सरळ करत बसू नका. ओठावर ग्रीस लावा, बेअरिंगमध्ये तळहातानं ग्रीस भरा, पण सगळी पोकळी ठासून नाही.

आणि शाफ्ट आत घालताना घाई नको. शाफ्टच्या टोकाच्या स्प्लाइन, म्हणजे लांबीतले दाते, धारदार असतात, वजनानं शाफ्ट सीलवर टेकला आणि तसाच ढकलला की ओठ फाटलाच. दुसऱ्याला खालून हात लावायला सांगा, अधांतरी धरून सरळ आत न्या, स्प्लाइन सापडेपर्यंत हळू फिरवा. नवीन सील पहिल्याच दिवशी गळतंय म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांचं इथं बिघडलेलं असतं.

हब परत

निमुळतं टोक आणि हबचं आतलं अंग पेट्रोलनं पुसून कोरडं ठक्क. तिथं ग्रीस नाही, ऑइल नाही. चावी खाचेत डुलत असेल तर नवी घाला. खाचेतून ऑइल झिरपायची सवय काही गाड्यांना असते, चावीच्या बाहेरच्या टोकाला सिलंटचा एक ठिपका लावलात तर बंद होतं.

मधला मोठा नट १५० फूट-पौंड, म्हणजे साधारण २०० न्यूटन मीटर. टॉर्क पाना नसेल तर सरळ हिशोब, दोन फुटी दांड्याच्या टोकाला ३४ किलो वजनाचा दाब. हा नट गाडी परत चाकांवर उतरवून आवळा. कॉटर पिनचं भोक जुळलं नाही तर पुढं आवळायचं, मागं कधी ढिलं करायचं नाही. हब या टेपरवर पकडीनं बसतो, चावीच्या जोरावर नाही. नट ढिला राहिला तर चावी कातरते, आणि चाक तुमच्या आधी घरी पोचतं. पन्नासेक किलोमीटर झाले की कॉटर काढून परत एकदा तपासायचं.

ब्रेक पाइप जोडली की हवा काढायला विसरू नका.

कव्हर आणि पिनियन

कव्हर सोपं आहे. फक्त ऑइल काढायच्या आधी फिलर प्लग उघडतोय का ते बघा, नाहीतर ऑइल खाली आणि भरायचा रस्ता बंद. खाली ड्रेन प्लग नसेल तर कव्हरचे खालचे बोल्ट ढिले करून टोपलं लावा. जुन्या कव्हरच्या भोकांभोवती पत्रा फुगलेला असतो जास्त आवळल्यामुळं, तो सपाट ऐरणीवर उलटा ठेवून हलक्या हातोडीनं बसवा, नाहीतर नवीन पॅकिंग पण तिथूनच गळणार. कागदी पॅकिंगला सिलंटचा पातळ हात पुरे. बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीनं. सिलंट वाळू द्या, मगच ऑइल. उघडलंच आहे तर तळाचा गाळ बोटानं चाचपा, चिकट काळं पीठ चालतं, दाताचे तुकडे निघाले तर विषय वेगळा.

पिनियनसाठी प्रॉपेलरचे यू बोल्ट सोडून शाफ्ट बाजूला बांधा. पिनियनचं योक, म्हणजे प्रॉपेलर जोडायचं टोक, धरून हलवा, खडखडत असेल तर सील नाही, बेअरिंगचं काम आहे. नट आणि योक काढायच्या आधी पंचनं जुळणाऱ्या खुणा करा. या अ‍ॅक्सलमध्ये पिनियनचा ताण शिमांवर ठरतो, नवीन गाड्यांसारखी चेपणारी नळी नाही, त्यामुळं नट परत २००-२२० फूट-पौंडला बिनधास्त आवळता येतो. योकची घासणारी जागा बघा, इथं पण खाच असते.

ऑइल ईपी ९०, हायपॉइड गिअरचं, जीएल-५ चालेल. तेच ऑइल गिअरबॉक्समध्ये ओतू नका मात्र, तिथल्या पितळी रिंगांसाठी जीएल-४ बरं.

भरल्यावर परत पुसून पावडर मारा, वीसेक किलोमीटर फिरा, ड्रमला हात लावून दोन्ही बाजू सारख्या तापल्यात का बघा, आणि रात्री अ‍ॅक्सलखाली पुठ्ठा पसरून झोपा. पहिल्या दिवशी एखादा थेंब येतो, आत कुठं कुठं साचलेलं असतं. तिसऱ्या दिवशीही पुठ्ठ्यावर डाग दिसला तर उठा आणि आधी ब्रीदर बघा.